मथूताईंचं ऊन

"वाळलं! अहो, वाळलं!"

वैशाखातली भर दुपार होती. रिसोडात त्या वेळी कुत्रीसुद्धा गाडीखालच्या सावलीतून हलत नसत. मागच्या आंगणातून ही आरोळी आली आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पदर सावरत धावल्या. त्यांच्यामागे मी. आंगणात आदल्या दिवशीच राहायला आलेल्या भाडेकरीण बाई दोरीपाशी उभ्या होत्या. पायात काही नाही, डोक्यावर पदर नाही, आणि चेहरा असा की लॉटरी लागावी.

"काय झालं वो बाई? साप निंगाला काय?"

"साप नाही हो, लुगडं वाळलं! दुसरं पिळून दोरीवर टाकतेय तोवर पहिलं वाळलंसुद्धा. हात लावून बघा ना, कसं पापडासारखं झालंय!"

आत्याबाईंनी लुगड्याला हात लावला नाही. त्यांनी बाईंच्या कपाळाला लावला. परमुलखातल्या नाजूक बाईला पहिल्याच दिवशी ऊन लागलं, अशी त्यांची खात्री झाली होती. मला म्हणाल्या, "विमल, कैरीचं पन्हं आन वो. हे बाई बरळून राह्यली."

ती माझी आणि मथूताईंची पहिली भेट. मी तेव्हा नुकती कारंज्याहून लग्न होऊन आले होते. आमचं घर जैन व्यापाऱ्याचं. मामंजींची धान्याची आडत होती आणि हंगामात कापसाचाही व्यापार चाले. मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या तर घरात मांस-मासळी शिजणार नाही, एवढी एकच अट मामंजी घालत. गावातल्या नव्या हायस्कुलात गणिताचे मास्तर म्हणून अनंतराव कोकणातून आले आणि ती अट त्यांनी एका शब्दात मान्य केली. त्यांची बायको मथुरा. सगळी गल्ली तिला 'कोकणबाई' म्हणू लागली, मी मात्र मथूताई म्हणत असे.

कोकणातला पिढीजात आमराईतला वाटा आणि समुद्राकाठचं घर सोडून ही दोघं आमच्या उन्हाच्या भट्टीत का आली, हे कोणाला कळत नव्हतं. ते मथूताईंनीच पन्हं पिता पिता सांगून टाकलं. त्यांना लहानपणापासून दमा होता. चार महिने पाऊस लागला की भिंती पाझरत, अंथरुणं दमट, कपड्यांना बुरशीचा वास, आणि त्यांची छाती भात्यासारखी वाजत राही. तिथल्या डॉक्टरांनी शेवटी हात टेकले आणि म्हणाले, कोरड्या हवेच्या मुलखात जाऊन बघा.

"म्हणून आलो. काल रात्री मी आडवी होऊन झोपले हो! माहेरी-सासरी मी बसून झोपायची, उशा रचून. काल आडवी!"

आत्याबाईंनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मग पन्ह्याचा आणखी एक पेला भरून त्यांच्यापुढे सरकवला. "झोपा बापा, हवं तितकं झोपा. आमच्या इथं दुसरं काही नसंल, पन ऊन लय हाये."

आम्ही त्या उन्हाला शिव्या देत आयुष्य काढलेलं. मथूताईंनी ते पाहुण्यासारखं घरात घेतलं. सकाळी त्या गाद्या, उशा, पुस्तकं, मास्तरांचे बूट, लाकडी देव्हारासुद्धा आंगणात काढत आणि मध्ये पाटावर स्वतः बसत. आमच्या कुरडया, पापड, सरगुंडे धाब्यावर वाळत पडले की त्या तासातासाला जिना चढून बघायला जात. धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. कोकणात उतरती कौलं, त्यामुळे छपरावर चालता येतं ह्याचंच त्यांना अपार कौतुक. उन्हाळ्यात आम्ही सगळे धाब्यावर निजायचो. पहाटेचा गार वारा सुटला की त्या उठून बसायच्या आणि छाती भरून श्वास घ्यायच्या. नुसता श्वास घ्यायच्या, पण असा की एखाद्याने उसाचा रस प्यावा.

मग थंडी आली. पौषातल्या एका सकाळी माझ्या दारावर थापा पडल्या. "अगो विमल, बाहेर ये, बाहेर ये! माझ्या तोंडातून धूर येतोय!"

मी गेले. त्या आंगणात उभ्या राहून हाऽऽ करून वाफ सोडत होत्या आणि ती विरेपर्यंत तिच्याकडे पाहत होत्या. कोकणच्या किनाऱ्यावर असली थंडी त्यांनी बघितलेलीच नव्हती. "बघ, केवढा लांब जातोय! आणि मध्ये तुटत नाहीये." मग मलाही करायला लावलं. आत्याबाई चुलीसाठी गोवऱ्या न्यायला आल्या, त्यांनी आम्हा दोघी जाणत्या बायकांना समोरासमोर उभं राहून तोंडं उघडताना पाहिलं आणि गोवऱ्या घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरात डोकावले, तर त्याही खिडकीशी उभ्या राहून हळूच हाऽ करून बघत होत्या.

पाखरांचं वेड त्यांना इथे आल्यावर लागलं. "तिकडे पक्षी नव्हते असं नाही गो, पण मला कुठे दिसायचे? माझं सगळं लक्ष ह्या छातीत." आमच्या मागच्या आंगणात एक जुना कडुनिंब होता, एक बोरीचं झाड आणि धान्य पाखडण्याची जागा, त्यामुळे दाण्यांना तोटा नाही. चिमण्या, होले, साळुंक्या, सातभाई, निंबावर पोपटांचा थवा, तारेवर नीलकंठ. आम्ही हे सगळं जन्मभर पाहिलेलं, म्हणजे कधीच न पाहिलेलं. मथूताईंनी प्रत्येकाची चौकशी सुरू केली.

नावांवरून तर रोज भांडण. एकदा बोरीखालून काळ्या अंगाचा, तांबड्या पंखांचा मोठा पक्षी डुलत डुलत चालला होता.

"कुकुडकोंबा!" मथूताई ओरडल्या.

"कुंभारकावळा हाये थो," आत्याबाई म्हणाल्या.

"भारद्वाज," खोलीतून मास्तरांचा आवाज आला.

"तुमी पोराइले गनित शिकवा गुरुजी," आत्याबाईंनी तिथूनच सुनावलं. "आमच्या आंगनातला हाये, नाव आमीच ठेवू."

मथूताईंनी तोड काढली. दुपारपर्यंत तो कुंभारकावळा, दुपारनंतर कुकुडकोंबा. भारद्वाज फक्त रविवारी, मास्तर घरी असतील तेव्हा. आणि त्या हे कसोशीने पाळत.

सूर्यास्ताआधी जेवायची आमची रीत त्यांनी आपणहून उचलली. "पाखरंही दिवेलागणीच्या आत आटपतात. तुमचंच बरोबर," म्हणाल्या. मामंजींनी आयुष्यात भाडेकऱ्याचं कौतुक केलं नव्हतं, पण ह्या वाक्यावर ते गल्लीभर सांगत सुटले.

एकाच गोष्टीवरून खरी खडाजंगी झाली. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. दोर हाताला काचेपर्यंत ओढावा तेव्हा अर्धी बादली गढूळ पाणी येई. मथूताईंनी आमच्या अडगळीतून एका फुटलेल्या रांजणाचं बूड शोधून काढलं, निंबाखाली ठेवलं आणि त्यात पाखरांसाठी पाणी भरू लागल्या. आत्याबाई कडाडल्या.

"मानसाले पानी नाई अन् तुमी पाखराले कायले ओतून राह्यल्या वो?"

"मी माझ्या आंघोळीतलं वाचवते."

"आंघोळीतलं वाचवतो म्हन्ते! चुलीतली राख होऊन जाईन इथं तुमची!"

मथूताईंनी हाताला धरून आत्याबाईंना दारात बसवलं. थोड्या वेळाने एक होला उतरला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, चोच पाण्यात बुडवली आणि मान वर न करता पीत राहिला, पीत राहिला. दुसरा आला, मग साळुंकी आली आणि सरळ आत शिरून पंख झाडू लागली. आत्याबाई बघत बसल्या. उठताना एवढंच म्हणाल्या, "थे साळुंकी फार पानी सांडते. तिले सांगा." पण रांजणाचं बूड तिथंच राहिलं.

हे सगळं चाललेलं असताना मास्तर मात्र आंगणात फारसे येत नसत. ते उंच, अबोल, स्वच्छ धोतर नेसणारे गृहस्थ. शाळेतून आले की खोलीत बसत. एकदा आभाळ भरून आलं, चार थेंब पडून गेले, तेव्हा मी त्यांना दारात हात पुढे करून उभं राहिलेलं पाहिलं. ओला तळवा त्यांनी नाकाशी नेला आणि आत गेले. मथूताईंनीही ते पाहिलं होतं. त्या मला म्हणाल्या, "त्यांना समुद्र ऐकू येत नाही म्हणून झोप लागत नाही. मला झोप लागते म्हणून ते सांगत नाहीत."

आमच्याकडे राहून त्यांना दोनेक वर्षं झाली असतील. फाल्गुनातली गोष्ट. दुपारी आभाळ पश्चिमेकडून शाईसारखं काळं झालं, वारा सुटला आणि पत्र्यावर कोणी दगड मारावेत तसा आवाज सुरू झाला. गारा! पहिल्यांदा बोरांएवढ्या, मग लिंबांएवढ्या. आम्ही घरात कोंडून बसलो. खोलीच्या दारात मथूताई नुसत्या नाचत होत्या. त्यांनी गार कधी बघितली नव्हती. थोडी ओसरताच परात डोक्यावर धरून त्या बाहेर धावल्या, एक गार उचलून तोंडात टाकली आणि ओरडल्या, "अगो, आकाशातून बर्फ! फुकट!"

आणि पुढच्या पावलाला थबकल्या.

निंबाखाली पानांचा हिरवा सडा पडला होता. त्या हिरव्यात हलणारंही काहीतरी हिरवं होतं. पोपट. संध्याकाळच्या आधीच वादळाला घाबरून सगळा थवा झाडावर येऊन बसला होता आणि गारांनी तो खाली पाडला होता. चिमण्या होत्या, साळुंक्या होत्या. काही गेल्याच होत्या. काही पंख पसरून, डोळे अर्धे मिटून, गारांत थरथरत होत्या.

मथूताईंच्या डोक्यावरची परात खाली आली. वरून अजून तुरळक गारा पडत होत्या, त्यांना भानच नव्हतं. त्या एकेक पाखरू उचलून परातीत ठेवू लागल्या. मी दुरडी घेऊन धावले. परात भरली, दुरडी भरली. पण ठेवायचं कुठे? सगळं भिजलेलं.

"इकडं आना!" आत्याबाईंचा आवाज आला. कापसाच्या खोलीचं कुलूप त्या उघडत होत्या. हंगामातला शेवटचा, राखून ठेवलेला पांढराशुभ्र कापूस छातीइतका रचलेला होता. त्या खोलीत आम्हा सुनांना ओल्या पायाने जायलासुद्धा बंदी. आत्याबाई स्वतः चिखलाच्या पायांनी आत शिरल्या आणि दोन्ही हातांनी कापसात खळगे करू लागल्या. "ठेवा इथं. अलगत. वरून झाका."

बातमी गल्लीत पसरली. न्हाव्याची सखू पदरात दोन होले घेऊन आली. समोरच्या काकांनी टोपीत साळुंकी आणली. "हे घ्या कोकणबाई, आमच्या आंगनातलं." कोणी काय, कोणी काय. ज्यांनी त्यांना वेडी म्हटलं होतं तेच दारात रांगेने उभे. मास्तर शाळेतून भिजत आले. त्यांनी सदरा काढून ठेवला आणि एका भिजलेल्या पोपटाला फडक्याने टिपत बसले. त्यांचे ते खडू धरणारे लांब हात इतके हळुवार चालत होते की मथूताई क्षणभर काम थांबवून बघत राहिल्या.

मामंजी दुकानातून आले तेव्हा दिवस मावळतीला होता. त्यांनी खोलीत डोकावलं. कापसाच्या ढिगाऱ्यातून ठिकठिकाणी लाल चोची वर आलेल्या. ते वाकून बघायला गेले आणि शुद्धीवर आलेल्या एका पोपटाने त्यांचं बोट असं पकडलं की ते "अरे सोड लेका!" म्हणून नाचले. सगळी खोली हसली. आत्याबाई भीतभीत म्हणाल्या, "कापूस खराब झाला वो."

बोट चोखत मामंजी म्हणाले, "होऊ दे. जीव वाचला थो कमी हाये काय?"

सकाळी मथूताईंनी खोलीची खिडकी आणि दार उघडून दिलं. लख्ख ऊन पडलं होतं. पहिल्यांदा चिमण्या निघाल्या, मग होले. पोपटांना मात्र घाई नव्हती. ते कापूस उधळत, भांडत, एकमेकांना ढकलत दाराशी आले आणि एकदम किंचाळत सगळे एका वेळी उडाले. त्यांच्या अंगाला चिकटलेला कापूस आंगणभर तरंगत खाली आला. मथूताई दोन्ही हात वर करून त्यांच्यामागे वेशीपर्यंत धावल्या. धावल्या, आणि त्यांना धाप लागली नाही. हे पहिल्यांदा मास्तरांच्या लक्षात आलं. ते मला म्हणाले, "लग्न झाल्यापासून मी हिला धावताना पाहिलेलं नाही."

तरीही तीन महिन्यांनी, ज्येष्ठात, ती दोघं निघाली.

मास्तरांचे थोरले भाऊ स्वतः घ्यायला आले होते. वडील थकले होते, आमराई बघायला दुसरं माणूस नव्हतं, जवळच्या गावात शाळेत जागाही निघाली होती. "मथुरा आता ठणठणीत दिसते," भाऊ म्हणाले. "मग इथे परमुलखात कशाला राहायचं?" मथूताई हसून म्हणाल्या, "खरंच आहे. माझं झालं इतकी वर्षं, आता ह्यांचं होऊ दे." त्यांनी सामान बांधलं. गाद्या शेवटच्या उन्हात घातल्या. मोटार हलली तेव्हा त्या मागच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. आमच्याकडे नव्हे, वर.

आत्याबाई घरी आल्या त्या थेट मागच्या खोल्यांना कुलूप लावायला गेल्या. पुढे दोन-तीन बिऱ्हाडं विचारायला आली. त्यांनी कोणाला सांगितलं भिंत खचली, कोणाला सांगितलं उंदीर झाले. पाऊस सुरू झाला होता, विहिरीला पाणी होतं, डबकी भरली होती, तरी रांजणाच्या बुडातलं पाणी रोज सकाळी बदललेलं असे. सुनांनी विचारायचं नसतं.

श्रावणात, उघडिपीच्या एका दिवशी, दारात टांगा उभा राहिला. मास्तर उतरले. मग त्यांनी दोन्ही हातांनी मथूताईंना उतरवलं. मी त्यांना ओळखलं ते डोळ्यांवरून. खांदे कानांपर्यंत चढलेले, गळ्याची हाडं वर आलेली, आणि तो आवाज, छातीतला, जो मी तोवर फक्त त्यांच्या बोलण्यात ऐकला होता.

मास्तर ओसरीत आत्याबाईंपुढे उभे राहिले. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस घडाघडा बोलू लागला. "पाऊस लागला आणि हिने अंथरूण धरलं. मला एका शब्दाने म्हणाली नाही की परत चला. समुद्र ऐका, म्हणायची. अहो, मला समुद्र ऐकूच येईना. हिचा श्वासच ऐकू यायचा. मोजत बसायचो मी, आला का, आला का... भावाला सांगितलं, आमराई तू बघ. खोल्या... खोल्या मोकळ्या आहेत का?"

"मंग काय कोनाले देल्या असंन म्या?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला, म्हणून त्या रागावल्यासारखं करून ओरडल्या, "विमल, उभी काहून हायेस? चावी आन!"

गौरी-गणपती झाले, पावसाने काढता पाय घेतला, आणि भाद्रपदाच्या अखेरीला आमचं ते नेहमीचं, चामडी सोलणारं ऊन पडलं. सगळी गल्ली हाश्शहुश्श करत होती. मथूताई पाटावर बसल्या होत्या. दिवसादिवसाने त्यांचे खांदे खाली उतरत गेले. एका सकाळी बोरीखाली काहीतरी डुलत चाललं आणि खोलीच्या दारातून मास्तरच ओरडले, "मथुरे, कुंभारकावळा!" तो रविवार होता. मथूताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि ठसका लगेच थांबलाही. त्यानंतर मास्तर शाळेतून आले की आंगणातच बसू लागले. कोकणाचं नाव त्यांच्या तोंडून मी पुढे क्वचितच ऐकलं.

काही वर्षांनी माझ्या यजमानांनी अकोल्याला वेगळं दुकान काढलं आणि आम्ही रिसोड सोडलं. येणं-जाणं सणावारी राही, तेही कमी होत गेलं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते मेडशीला. मी रिसोडहून अकोल्याला परत निघाले होते. हिवाळ्याची सकाळ होती. मेडशीच्या थांब्यावर समोरून आलेली मोटार उभी होती आणि तिचे झाडून सगळे उतारू रस्त्यावर उतरले होते. फेटेवाले, बायका, हातात बकरू धरलेला एक म्हातारा, कंडक्टरसुद्धा, सगळे माना वर करून उभे. मला वाटलं काहीतरी अपघात झाला. मग त्यांच्या मधोमध, शाल खांद्यावरून घसरलेली, एक हात उंच केलेली बाई दिसली. केस पांढरे व्हायला लागले होते. शेजारी मास्तर तिची पिशवी धरून उभे होते.

"मथूताई!" मी खिडकीतून हाक मारली.

त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, चेहरा फुलला. पण कशी आहेस नाही, पोरं कशी आहेत नाही. आमची मोटार सुटायला लागली होती. त्या हात हलवत मोटारीबरोबर चार पावलं धावल्या आणि ओरडल्या, "अगो, माझ्याकडे काय बघतेस! वर बघ, वर!"

मी मान बाहेर काढून वर पाहिलं. निळ्याभोर आभाळात, खूप उंचावर, करकोच्यांची एक लांबच लांब रांग दक्षिणेकडे चालली होती. तिचा बारीक कलकलाट खाली उतरत होता. एक रांग संपली की मागून दुसरी. मी बघतच राहिले. मान दुखायला लागली तेव्हा खाली पाहिलं, तर मेडशी मागे पडलं होतं आणि दोन्ही बाजूंना नुसती तुरीची शेतं होती, पिवळ्या फुलांची, उन्हात.